घराकडून मातीला

एनेलेसी मावशी परत आली त्या सकाळी मी शाळेच्या गणवेशाची बाही उलटी जोडून स्वतःलाच शिव्या घालत होतो. मालाची पिकअप दुकानासमोर थांबली. मक्याच्या पोत्यांवर बसून आलेल्या मावशीला दोघांनी हात देऊन खाली उतरवलं. तिनं आधी गुडघे चोळले, मग कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड सोडून पुन्हा घट्ट बांधलं, आणि मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"लामेक, अजून त्याच मशीनवर? मला वाटलं, एव्हाना वाळवीनं खाल्लं असेल तुझं दुकान."

"वाळवी आली होती मावशी. माझी शिलाई बघून परत गेली."

ती हसली नाही. पूर्वी हसली असती. ओट्यावर टेकली, पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली आणि उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं.

"दोन-तीन आठवडे राहीन," ती म्हणाली. "म्हातारीला जरा मार्गी लावते अन् निघते. कुणी विचारलं तर सांग, पाहुणी आलीय, कामाला नाही."

"मार्गी लावायची म्हणजे..."

"तेच. सगळ्यांना ठाऊक आहे, तू मोठ्यानं बोलू नकोस."

आमच्या बाजारात 'घर' म्हटलं की एकच घर. डेन्मार्कहून आलेल्या अ‍ॅक्सेल आणि बोडिल या नवराबायकोनं काढलेलं अनाथ पोरांचं घर. आहे मिशनचं, पण मिशनचं नाव कुणी घेत नाही. मी तिथलाच. तान्हा असताना मला कुणीतरी फाटकापाशी ठेवून गेलं आणि ज्या बाईनं मला उचललं ती ही एनेलेसी. अ‍ॅक्सेल बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. बोडिलला आम्ही सगळे आजी म्हणतो. आजी आता अंथरुणाला खिळली होती आणि घर तिची मुलगी किर्स्टन चालवत होती.

किर्स्टनचा जन्म इथला. पण सात वर्षांची असताना तिला शाळेसाठी तिकडे पाठवलं, ती चाळिशी उलटल्यावर आईच्या मदतीला परतली. त्यामुळे आमची भाषा ती अजून सात वर्षांच्या पोरीसारखी बोलते. गावप्रमुखांनाही 'अरे, तू कुठे चाललास?' असं विचारते. माणसं हसू दाबतात. बाई वाईट नाही. ती आल्यापासून छपरं गळायची थांबली, पोरांना वेळेवर औषधं मिळायला लागली. फक्त सगळं तिला तिकडच्यासारखं सरळ रेषेत हवं असतं, आणि आमच्याकडे सरळ रेषा फक्त माझ्या टेपवर असते. तीही वाकडी आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात.

एनेलेसी इथं आली ती या किर्स्टनला सांभाळायला. नुकतं लग्न झालेली कोवळी पोर, नवरा दक्षिणेला खाणीत गेला तो तिकडचाच झाला. 'मूल चालायला लागेपर्यंत राहा' असं ठरलं होतं. मूल चालायला लागलं, पळायला लागलं, विमानात बसून निघून गेलं, आणि एनेलेसी स्वयंपाकघरात उभीच राहिली. ऐंशी पोरांची न्सिमा घाटायची म्हणजे मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्यानं वळवत राहायचा. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय तो त्यानंच.

ती गोड वगैरे नव्हती. साखर चोरणाऱ्याला उलथनं बसायचं, खोटं बोलणाऱ्याला दोनदा बसायचं. मी चौदा वर्षांचा असताना घरातून पळालो, शहरात उपाशी फिरलो आणि मुकाट्यानं परत आलो. सगळे रागावले, आजी रडली. मावशीनं पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जेवून पळ." मला आई कशी असते ते माहीत नाही, पण असली तर अशीच असावी.

सहा वर्षांपूर्वी ती काम सोडून डोंगरापलीकडच्या आपल्या गावी गेली. थकली म्हणून गेली असं घरच्यांना वाटलं. थकली होतीच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं मला सांगितलं होतं.

आमच्यात लग्नाला गेलं नाही तरी चालतं. नवरी रुसते, चार दिवसांत विसरते. मयत चुकवली तर कुणी विसरत नाही. कुणाकडे माणूस गेलं की बायका डोक्यावर पीठ अन् सरपण घेऊन जातात, पुरुष खड्डा खणतात. पाणी भरणं, भांडी घासणं, रडणं, नुसतं भिंतीला टेकून बसणं, सगळं ध्यानात ठेवलं जातं. तुम्ही लोकांच्या मातीला गेलात तर लोक तुमच्या मातीला येतात. नाही गेलात, तर तुमचं प्रेत आणि तुमची भावकी. आणि भावकीनं तर कुदळीला हात लावायचा नसतो. घरच्यांनी रडायचं, खड्डा परक्यांनी खणायचा. या खणणाऱ्यांना आम्ही 'नातवंडं' म्हणतो, मग नातवंडाचं वय साठ का असेना.

आता मावशीचं बघा. चाळीस वर्षं ती इथं पोरांची ताटं वाढत राहिली आणि तिकडे तिच्या गावात माणसं मरत राहिली. तिची धाकटी बहीण फालेसी दर वेळी तिच्या वाटचं पीठ नेऊन द्यायची. लोक म्हणायचे, पीठ आलं, बाई कुठाय? म्हणून ती परत गेली. गेल्यापासून कुणाचं लांबचं मूल गेलं तरी ही तिथं हजर, सगळ्यांच्या आधी पोचायची, सगळ्यांच्या शेवटी उठायची. "आईशेजारी जागा हवी असेल तर घाम गाळावा लागतो बाबा," असं मला फोनवर म्हणायची. सहा वर्षांनी कुठं लोक तिला नावानं हाक मारायला लागले होते.

म्हणून किर्स्टनचा फोन गेला तेव्हा ती नाही म्हणाली. पुन्हा गेला, पुन्हा नाही. मग आजीनं स्वतः फोन घेतला.

"काय म्हणाली आजी?" मी ओट्यावर बसलेल्या मावशीला विचारलं.

"काहीच नाही. नुसता श्वास घेत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी आले नसते."

असं म्हणून ती उठली आणि फाटकाकडे चालू लागली. मी बाही उसवायला घेतली.

थंडीचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत डोंगरावरून धुक्यासारखा बारीक पाऊस उतरतो आणि म्हातारी माणसं पटापट जातात. मावशीला येऊन आठवडा झाला नसेल, ती तोंड फुगवून दुकानात आली.

"काल फाटकावरून बायका गेल्या. डोक्यावर पिठाच्या पाट्या. एकीनंही आत हाक मारली नाही. 'चला गं' म्हणून एक शब्द नाही! काय झालंय इथं?"

मला सांगावंच लागलं. किर्स्टन आली त्या वर्षी एका मयतीला सगळ्या स्वयंपाकिणी एकदम उठून गेल्या. चुलीवर पेज तशीच. एक चिमुरडा पातेल्याला लोंबकळला आणि त्याचा हात भाजला. किर्स्टन घाबरली, कुणीही घाबरलं असतं. तिनं नियम केला : आई, बाप, नवरा, मूल गेलं तरच रजा. बाकी कुणाचीही मयत असली की घराकडून पैशांचं पाकीट जाईल. आणि पाकीट जायचं, न चुकता, पहारेकऱ्याच्या हाती, भरलेलं. हिशेबानं तिचं बरोबरच होतं.

"अन् म्हातारीनं हे चालू दिलं?"

"आजीला कुणी सांगितलंच नाही."

मावशी ओट्यावर टेकली. मग तिनं हळूच विचारलं, "फॅक्सनच्या आईच्या मातीला कोण गेलं?"

फॅक्सन म्हणजे आमच्या गावच्या खणणाऱ्यांचा म्होरक्या. त्याच्या आईनं हयातभर घरचे कपडे धुतले. माझी दुपटी तिनं धुतलेली.

"पाकीट गेलं," मी म्हणालो.

मावशीनं कपाळाला हात लावला. "अन् तू रे? तू घरचा नाहीस?"

"मी गेलो होतो. पण मी बायकोच्या गावचा घरजावई माणूस. मी जातो तो सासूच्या घराकडून. माझी हजेरी तिच्या नावावर लागते."

"म्हणजे उद्या म्हातारी मेली तर तिचा खड्डा कोण खणणार?"

मी मशीनचं पायडल मारायला लागलो. सुईत दोरा नव्हता.

आजीला अ‍ॅक्सेल बाबांच्या शेजारी जायचं होतं, गावाच्या दफनराईत, जिथली वाळकी फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. परक्या माणसांना तिथं सहसा जागा मिळत नाही. बाबांना मिळाली ती आजीमुळे. तरुणपणी ती एकही मयत चुकवायची नाही. डोक्यावर पाटी घ्यायची, अर्धं पीठ वाटेत सांडायची, बायका पोट धरून हसायच्या. मागून एनेलेसी, पाठीवर किर्स्टनला बांधून. गावानं आजीला हसून हसून आपलं केलं होतं. ते सगळं आता पाकिटात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी पडद्यांची मापं घ्यायला गेलो. आजीच्या खोलीबाहेर मावशी किर्स्टनला गाठून उभी होती.

"किर्स्टन, तुझ्या आईला कुठं पुरणार आहेस?"

किर्स्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांपाशी. आईला तसंच पाहिजे."

"अन् खणणार कोण?"

"माणसं लावू ना. बाजारातून. मी पैसे देईन."

"पैसे देऊन संडासाचा खड्डा खणतात, पोरी."

"मी पाकीट पाठवते! दर वेळी पाठवते! लामेकला विचार!"

मी पडद्याचं माप पुन्हा घ्यायला लागलो.

"पाकीट रडतं का? पाकीट पाणी भरतं का? कुणी मेलं तर दारात माणूस लागतं गं."

"मग मी काय करू? मुलांना उपाशी ठेवू? तो छोटा भाजला तेव्हा तू नव्हतीस इथं! तू गेलीस सोडून!"

पन्नाशीला टेकलेली बाई, पण भाषा सात वर्षांची, त्यामुळे ते भांडण वाटेना, रडणारं मूल वाटायला लागलं. 'सोडून गेलीस' हे मावशीला लागलं. तिनं चितेंजेचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नव्हते," ती म्हणाली. "आता आहे. तुझ्या स्वयंपाकिणी चुलीपाशी राहू देत. मी जाते. घराकडून."

"गाडी घेऊन जा मग. तुझे गुडघे—"

"गाडीतून पाहुणे येतात."

आणि ती जायला लागली. मला ते बघवत नसे. दुकानासमोरून ती जायची, डोक्यावर पिठाची पाटी, एक गुडघा वाकतच नसे म्हणून पाय बाहेरून फिरवून टाकायची. पहिल्या मयतीला मीही होतो. बायकांनी तिला बघितलं, सरकून जागा केली नाही.

"कुणाकडून आलीस गं?" एकीनं विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"घराकडून."

"अगंबाई! घराला पाय फुटले!"

"पाकीट हरवलं वाटतं वाटेत," दुसरी म्हणाली.

मावशीनं पाटी खाली उतरवली. न्सिमा घाटायला तिला कुणी उलथनं दिलं नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं ऐंशी तोंडांना पुरवलं, तिला कुणी चुलीजवळ येऊ दिलं नाही. ती मागं गेली, खरकट्या ताटांपाशी बसली आणि घासायला लागली. थंडगार पाणी, वरून तो बारीक पाऊस. संध्याकाळी परतताना माझ्या ओट्यावर बसून तिनं बोटं काखेत घातली.

"सोड ना मावशी," मी म्हणालो. "तुझं काय अडलंय? तू परत जा. तुझ्या गावात तुझी वाट बघतात."

"तिकडे आज कुणाची तरी माती असेल बघ," ती म्हणाली. "अन् मी इथं परक्यांची ताटं घासतेय. तू मला अक्कल शिकवू नकोस, चहा सांग."

ती गावप्रमुख कामगुंडांकडेही गेली. गुडघे टेकववत नव्हते तरी टेकवले. म्हातारे प्रमुख स्पष्ट बोलले, "बोडिलशी आमचं भांडण नाही. ती येत होती. पण कुदळी माझ्या नाहीत, पोरांच्या आहेत. मी हुकूम सोडला तर त्या दिवशी गावात एक कुदळ सापडणार नाही. फॅक्सनला विचार."

फॅक्सनकडे ती उशिरा रडायला गेली. आई जाऊन दोन वर्षं झालेली, तरी दारात बसली आणि मोठ्यानं रडली, जसं त्याच दिवशी रडायला हवं होतं तसं. शेजारी गोळा झाले. फॅक्सन आतून बाहेर आलाच नाही. ती उठून आली.

पुढच्या मयतीला मात्र गंमत झाली. बाजारातल्या एका जुन्या माणसाची माती होती, मोठी. सकाळी घराच्या फाटकातून मावशी निघाली आणि तिच्या मागून चारही स्वयंपाकिणी, डोक्यावर सरपण घेऊन. किर्स्टननं त्यांना पाठवलं होतं. त्या दिवशी ऐंशी पोरांची न्सिमा किर्स्टननं स्वतः घाटली. मी बघायला गेलो, अशी संधी सोडतो होय! गुठळ्या इतक्या मोठ्या की पोरं एकमेकांना फेकून मारत होती. किर्स्टनच्या केसांत पीठ, हाताला फोड.

"हे कसं करते ती रोज?" तिनं मला विचारलं.

"रोज नाही," मी म्हणालो. "चाळीस वर्षं."

त्या मयतीत एका बाईनं मावशीच्या हातात उलथनं दिलं. न बोलता दिलं. मावशीनं ते घेतलं आणि घाटायला लागली.

मग एका शुक्रवारी फालेसीचा फोन आला. फोनला धड रेंज माझ्या ओट्यावरच मिळते, आणि मावशीला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मी आवाज मोठा करून दिला. ऐकायचं नव्हतं, पण जाणार कुठं?

"ताई, मामा गेले गं."

आमच्यात बापापेक्षा मामा मोठा. भाच्यांचं बरंवाईट तोच बघतो, आणि कुणाला कुठं पुरायचं तेही तोच बोलतो. मावशीनं खांबाला धरलं.

"माती उद्या. आत्ता निघालीस तर पोचशील."

"फालेसी, इथं म्हातारीनं कालपासून डोळे उघडले नाहीत..."

"ती तुझी कोण लागते ताई? सांग ना एकदा. कोण लागते?"

"माझा हात सोडत नाही गं ती."

"अन् मी लोकांना काय सांगू? सहा वर्षं सगळ्यांच्या दारात बसलीस, ते सगळं पाण्यात घालणार? मामाच्या मातीला आली नाही म्हटल्यावर तुझ्यासाठी कोण बोलणार इथं?"

"एक दिवस थांबतील का?"

"मामाला थांबवू? तुझ्या म्हातारीला थांबव की!"

फोन बंद झाला. मी म्हणालो, "जा मावशी. मी बसतो आजीपाशी. माझा हात धरू दे तिला."

"तुझे हात शिंप्याचे. टोचतील तिला," मावशी म्हणाली. बराच वेळ ती रस्त्याकडे बघत होती. डोंगराकडे जाणारी पिकअप आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मावशीनं मान हलवली, गाडी गेली. मग ती फाटकाकडे चालत गेली.

आणि आजी त्यानंतर आठवडाभर जगली. जाऊन, मामाला माती देऊन, दोन दिवस बसून परत आली असती तरी चाललं असतं. हे मी मावशीला कधी बोललो नाही. तिला कळत होतंच.

आजी गेली ती सकाळी, पेजेचा दुसरा चमचा तोंडात असताना. मावशीनं तिला पुसलं, नेसवलं, हनुवटी बांधली. आम्ही घरची मोठी झालेली पोरं लांबलांबून आलो. आम्ही कुदळ धरू शकत नव्हतो, आम्ही भावकी. नुसते फाटकाशी उभे होतो, रस्त्याकडे बघत. खणणाऱ्यांना दफनराईत यायचा निरोप पाठवून बराच वेळ झाला होता आणि कुणी येत नव्हतं. किर्स्टन मला सारखी विचारत होती, "येतील ना? येतील ना रे?" मी माझ्या चपलेकडे बघत होतो.

मग वळणावर फॅक्सन दिसला. खांद्यावर कुदळ. मागं दहा-बारा जण. फाटकापाशी येऊन तो थांबला, आमच्याकडे बघितलंही नाही, मावशीकडे बघितलं.

"माझ्या आईसाठी रडलीस ते मी आतून ऐकलं," तो म्हणाला. "उशिरा रडलीस. पण मोठ्यानं रडलीस."

आणि लगेच किर्स्टनकडे वळून ओरडला, "नातवंडांना भूक लागलीय! कोंबडी कुठाय? कोंबडीशिवाय कुदळ जमिनीत शिरत नाही आमची!"

किर्स्टन घाबरून पैसे काढायला लागली. बायका फुटल्या हसायला. "अगं, कोंबडी म्हणतोय तो, कोंबडी!" आजीच्या मयतीत पहिल्यांदा कुणी हसलं आणि मला जीव आल्यासारखं झालं. बायका भराभर आत शिरल्या, पिठाच्या पाट्या उतरल्या, चुली पेटल्या. अख्खं गाव आलं. आजी अ‍ॅक्सेल बाबांच्या शेजारी गेली, जशी तिला जायचं होतं तशी.

माती लोटून झाल्यावर प्रमुख कामगुंडा काठी टेकत उभे राहिले. आमच्याकडे त्या वेळी चार शब्द बोलायचे असतात.

"बोडिल आमची होती," ते म्हणाले. "पण ही दुसरी बाई बघा. परगावची. आमच्या प्रत्येक दारात आली, गुडघे मोडून घेतले. मी गावाच्या वतीनं सांगतो, एनेलेसीची जागा इथंच आहे. बोडिलच्या पायथ्याशी. तिचा खड्डा आमची पोरं खणतील."

यापेक्षा मोठा मान आमच्याकडे नाही. लोकांनी ओंजळी करून टाळ्या वाजवल्या, बायकांनी हळी दिली. फॅक्सननं कुदळ उंच धरली. सगळे मावशीकडे वळले. ती उठायला लागली, दोघींनी हात दिला.

"राजे, तुमचे उपकार," ती म्हणाली. "पण मला इथं नको."

कुणाला कळेना. प्रमुखांनी कान पुढे केला.

"मला इथं नको हो. मला माझ्या आईपाशी जायचंय. जन्मभर ह्यांच्यापाशी राहिले, ह्यांची पोरं, ह्यांची चूल. मेल्यावर तरी मला घरी जाऊ द्या. अन् आता तिथं माझं कोण येणार? कोण येणार माझ्यासाठी?"

ती खाली बसली आणि रडायला लागली. सकाळपासून तिनं आजीसाठी टिपूस काढलं नव्हतं. आता जे रडली ते आजीसाठी नव्हतं. बायकांपैकी कुणी तिला गप्प करायला गेलं नाही, कारण काय सांगून गप्प करणार? प्रमुख काठी धरून तसेच उभे राहिले. मग लोक हळूहळू पांगले.

परतताना किर्स्टननं मला गाठलं. "तिला तिच्या घरी का जाता येणार नाही?" मी सांगितलं. चाळीस वर्षांचं सांगितलं, फालेसीच्या पिठाचं, सहा वर्षांचं आणि मामाच्या मातीचंही. ती मध्येच थांबली. "मला कुणी बोललं नाही," ती म्हणाली. "एवढी वर्षं तिच्या पाठीवर मी होते, आणि मला कुणी बोललं नाही." ठाऊक असून मीही बोललो नव्हतो. आम्हालाही वाटलं होतं, मावशी आमचीच आहे.

मावशी आता इथंच, आजीच्या घरात असते. पिकअपवर चढणं तिला जमत नाही, आणि चढून कुठं जाणार, असं म्हणते. दिवसभर व्हरांड्यात बसते, पोरांनी भाजी चिरलेली बघते, नावं ठेवते. जेवण निम्म्यावर आलंय. मी गेलो की विचारते, "फोन आला का रे?"

कारण जाते ती किर्स्टन. डोंगरापलीकडे मयत झाली की फालेसी मला फोन करते, मी फाटकाकडे धावतो, आणि किर्स्टन कचेरी बंद करून, चितेंजे गुंडाळून, पीठ घेऊन पोत्यांवर बसून जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा तिला कुणी आत घेतलं नाही. "गोरीला पाठवून भागतं होय?" असं म्हातार्‍या म्हणाल्या म्हणे. ती दिवसभर विहिरीवरून पाणी वाहत राहिली. दुसऱ्यांदा कुणीतरी तिला बसायला चटई सरकवली. कुणाकडून आलीस, असं विचारलं की ती त्या पोरसवदा भाषेत सांगते, "मी एनेलेसीची." याची हजेरी मावशीच्या नावावर लागते की नाही, हे तिथं अजून कुणी बोललेलं नाही. फालेसीलाही ठाऊक नाही.

आणि त्या गावातली माणसं दणकट. डोंगराची हवा, लवकर कुणी मरत नाही. इकडे मावशी दर आठवड्याला थोडी कमी होतेय. देवानं मला क्षमा करावी, पण हल्ली फोन वाजला आणि पलीकडे फालेसी रडत असली की मला आधी बरं वाटतं.